लेकीचं बोलणं, माझ्या तोंडून

मी मुळात कमी बोलणारा माणूस. आयुष्यात जे काही खोटं बोललो, ते बहुतेक दुसऱ्यांच्या वतीनं बोललो. त्यातलं सगळ्यात जास्त माझ्या मुलीच्या वतीनं.

दर रविवारी दुपारी आबांचा व्हिडिओ कॉल यायचा. आबा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावी हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, आई गेल्यापासून घरात एकटेच. आमची मुलगी इथे जर्मनीत, रेगेन्सबर्गलाच जन्मली आणि वाढली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. इथल्या मराठी घरांत हे असंच चालतं. आईबाप मराठीत रागावतात आणि मुलं जर्मनमध्ये रुसतात. आबांचं इंग्रजी अर्ज आणि सर्क्युलरपुरतं, त्यात कान जरा जड, आणि हिचं इंग्रजी पळत सुटणारं. त्यामुळे आजोबा आणि नात यांच्या मध्ये मी बसायचो. आबा विचारणार, ती जर्मनमध्ये सांगणार, मी ते मराठीत आबांना पोचवणार. पोचवता पोचवता मी त्यात फेरफार करू लागलो.

कधीपासून, तेही सांगतो. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, चौथीच्या निकालावर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. चांगले गुण असतील ती जिम्नाझियमला, म्हणजे पुढे विद्यापीठाला. त्याखालची रेआलशूलेला. तिथं दहावीपर्यंत शाळा, मग बहुतेक जण आउसबिल्डुंग करतात, म्हणजे एखाद्या कंपनीत किंवा कारागिराकडे काम करत करत ते काम शिकतात. आमच्या मुलीचे गुण थोडक्यात कमी पडले.

मी कार प्लांटमधला इंजिनिअर. माझ्याबरोबरचे पुण्याचे सगळे इंजिनिअर, त्यांची मुलं सगळी जिम्नाझियमला. गणपतीला आम्ही हॉल भाड्यानं घेतो, तिथं प्रसादाच्या वाटीबरोबर प्रश्न हातात पडायचा, "काय रे, जिम्नाझियमच ना?" त्यांना मी काहीतरी हसून टाळलं. आबांना टाळणं मला जमलं नसतं. आबा निकालाच्या दिवशी ऑफिसबाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं पहिल्या नंबरांची नावं लिहायचे. आठवीत मी गणितात गडगडलो, तेव्हा भर वर्गात म्हणाले होते, "चिरंजीव, अभ्यास होत नसेल तर हातात रंधा घ्या. सुतारमेटात जागा आहे." वर्ग हसला. मी त्यानंतर अभ्यास केला तो त्या हसण्याच्या भीतीनं. इंजिनिअर झालो तोही त्याच भीतीनं.

मुलीसाठी आम्ही मुलींची एक खाजगी रेआलशूले शोधली. डोनाऊ नदीच्या काठी लहानसं गाव, रेगेन्सबर्गहून बसनं जाता येतं. पूर्वी शाळा नन चालवायच्या. आता वरच्या मजल्यावर मोजक्या म्हाताऱ्या नन राहतात आणि जेवणाआधीची घंटा त्यांच्यातलीच एक हट्टानं वाजवते. काही मुली तिथेच राहायला, बाकीच्या रोज येऊन जाऊन. आमची रोज येऊन जाऊन.

मी आबांना फोनवर सांगितलं, "आबा, तिला प्रायव्हेट शाळेत घातलंय. फक्त मुलींची आहे. कॉन्व्हेंट. बोर्डिंग आहे."

एकेक शब्द खरा होता. शाळेला बोर्डिंग होतंच की. आमची मुलगी त्यात नव्हती, एवढंच मी सांगितलं नाही.

"बोर्डिंग!" आबा म्हणाले. "शाब्बास. पोरीचं सोनं केलंस." संध्याकाळपर्यंत ग्रंथालयासमोरच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्या निवृत्त मंडळींना आबांची नात जर्मनीत बोर्डिंगला असल्याचं कळलं होतं.

मग ते निभावणं आलं. शाळेत वेर्केन नावाचा विषय होता, हातकामाचा, आणि तो तिचा जीव की प्राण. ती कॅमेऱ्यासमोर बोट धरायची, "बघा, करवत लागली!" मी सांगायचो, "प्रोजेक्ट चालू आहे म्हणते." ती सांगायची गणितात जेमतेम पास झाले, मी सांगायचो, गणित बरं चाललंय. नववीत शाळेनं सगळ्या मुलींना एक आठवडा प्रत्यक्ष कामाला पाठवलं, त्याला इथे प्राक्टिकुम म्हणतात. ही एका सुतारणीच्या कारखान्यात गेली. परत आली ती केसांत भुसा घेऊन, आणि रविवारी तिनं आबांना जाहीर केलं की मला श्राइनरिन व्हायचंय. श्राइनरिन म्हणजे सुतारीण, दुसरं काही नाही.

"काय म्हणते?" आबांनी विचारलं.

"इंटिरिअर डिझाइनला जायचं म्हणते."

आणि ती शेजारीच बसलेली असायची. हे मला आज लिहितानाही जड जातंय. तिला मराठी येत होतं. तिच्या प्रत्येक वाक्याचं मी काय करतोय ते तिला शब्दन् शब्द कळत होतं. पाचवीत असताना तिनं एकदा मध्येच थांबवलं होतं, "दास हाब इश निश्ट गेझाग्ट." मी असं म्हणाले नाही. आबांनी विचारलं, काय गं? मी म्हणालो, नमस्कार करते म्हणते. त्यानंतर तिनं मला कधी टोकलं नाही. फक्त तिची उत्तरं आखूड होत गेली. शेवटी "गूट", म्हणजे "छान", एवढ्यावर येऊन थांबली. मी स्वतःला समजावलं, वयच असं असतं.

बायको मात्र सोडायची नाही. "तू जर्मन शिकलास ते याच्यासाठी का रे?" ती विचारायची. "तुझे वडील, तुझं खोटं, तू निस्तर. मला विचारलं तर मी फक्त गप्प बसेन, याहून जास्त मदत मिळणार नाही."

मुलगी नववीत असतानाच आबांना तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. मे महिन्यात येणार. फोनवरचं पहिलं वाक्य, "मला पोरीचं बोर्डिंग बघायचंय."

खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. मी काय केलं? मुलीला खरोखरच बोर्डिंगला घातलं.

इंटर्नाटच्या, म्हणजे बोर्डिंगच्या, प्रमुख बाई उंच, पांढरे आखूड केस, चालताना पायांचा आवाज नाही. त्यांनी मुलीला विचारलं, "तुला यायचंय का इथं राहायला?"

"जा, जा," मी म्हणालो, "दहावी जवळ आली, शिस्तीचा फायदाच होईल."

"मी तिला विचारलं," बाई म्हणाल्या.

मुलीनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "जुलैपर्यंत. ओके." गाडीत बसल्यावर मात्र ती नीट वळून माझ्याशी बोलली. "मी राहीन. पण कोणी विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. तू आबांना काय सांगतोस ते तुझं तू बघ."

त्या शाळेत मुलींच्या दोन जाती. बाहेरच्या आणि आतल्या. बाहेरच्या म्हणजे बसचं वेळापत्रक पाठ असलेल्या, आतल्या म्हणजे दिवसभर घरातल्या चपलांवर. आमची साडेचार वर्षं बाहेरची होती, ती एका सोमवारी बॅग घेऊन आतली झाली. जुन्या मैत्रिणींनी तिला लगेच "सिस्टर" म्हणायला सुरुवात केली. आतलीला नियम फार. दुपारी अभ्यासाच्या तासाआधी भिंतीवर टांगलेल्या कापडी खिशांत आपापला मोबाइल टाकायचा. मग अशी शांतता, की कुणी पेन्सिलीला टोक केल्याचाही आवाज यावा. जेवणाची टेबलं पाळीपाळीनं लावायची, पाळी चुकली तर पुढचा आठवडा भांडी. शुक्रवारी मी आणायला गेलो की गाडीत ती आईला फोनवर हे सगळं सांगायची. मी ऐकत असायचो.

तक्रार करेल असं मला वाटलं होतं. पण शाळेच्या तळघरात वेर्केनचं वर्कशॉप होतं आणि आतल्या मुलींना जेवणापर्यंत तिथं थांबता यायचं. ती स्टूल करत होती, एकही खिळा न वापरता. तिथल्या शिक्षिका फळीला रंधा मारून झाला की त्यावर लोखंडी पट्टी उभी धरायच्या आणि फळी खिडकीकडे करायच्या. पट्टीखालून उजेड दिसला की पुन्हा मारायचा. रागावणं नाही, शेरा नाही. "उजेड दिसतोय," एवढंच. ती आईला म्हणाली, मला तिथं कुणी मूर्ख समजत नाही.

आणि घरी आबा. आम्ही दोघं ऑफिसला, नात बोर्डिंगला. आबा सकाळी नदीपर्यंत जायचे, बाकावर बसायचे, परत यायचे. आठवड्याच्या मधोमध विचारायचे, "आज शुक्रवार नाही का?" एकदा जेवताना म्हणाले, "एवढ्या लांब आलो नातीला भेटायला, आणि नात भेटते ती सणाच्या सुट्टीसारखी. येते येते म्हणेपर्यंत संपली." पण त्याच संध्याकाळी गावाकडे फोनवर बोलताना त्यांचा आवाज चढलेला, "मग! बोर्डिंग म्हणजे बोर्डिंग! फोनसुद्धा काढून घेतात!"

बायको स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाली, "त्यांना शाळा दाखवायची म्हणून त्यांच्यापासून पोरगी लपवलीस तू."

जूनमध्ये इंटर्नाटमध्ये आजी-आजोबांसाठी एक दुपार ठेवलेली होती. मी आबांना घेऊन गेलो. आबांनी कोट घातला होता. मुलींनी स्वतः भाजलेले केक, फुलदाण्या, आणि आसपासच्या गावांतल्या आज्या. त्या दुपारची एक रीत होती. प्रत्येक मुलगी आपल्या पाहुण्याच्या खुर्चीमागे उभी राहून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगते, हे कोण, मी इथं कधीपासून आहे, काय शिकते आणि पुढे काय करणार. मग पाहुण्यानं एक प्रश्न विचारायचा. प्रश्न विचारल्याशिवाय पुढच्या मुलीची पाळी येत नाही.

ही रीत मला तिथं गेल्यावर कळली. आबा आधीच्या मुलींकडे कौतुकानं बघत होते. "शिस्त बघ," मला म्हणाले.

आमच्या मुलीची पाळी आली. तिनं आबांच्या खुर्चीवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जर्मनमध्ये सांगितलं, "हे माझे आबा. भारतातून आलेत. मी ईस्टरच्या सुट्टीनंतर इथं राहायला आले, त्याआधी रोज बसनं यायचे. इथं राहायचं पापानं ठरवलं. खाली वर्कशॉपमध्ये मला आवडतं, पण आबा आहेत तोपर्यंत मला घरी राहायचंय. दहावीनंतर मी श्राइनरिन होणार."

सगळे हसऱ्या चेहऱ्यानं आबांकडे वळले. आबा माझ्याकडे झुकले. "काय म्हणाली?"

वाक्य तोंडात तयार होतं. आबा आले, फार आनंद झाला म्हणते. जीभ इतकी सरावलेली की ओठ हललेसुद्धा. मुलगी आबांच्या मागे उभी होती, म्हणजे बरोब्बर माझ्या समोर. ती रागावलेली नव्हती. खिडकीपाशी फळी धरून उजेड दिसतो का बघावं, तशी बघत होती. मी आता जर ते वाक्य बोललो, तर ही मुलगी यापुढे मला कधीच काही सांगणार नाही, माझ्यामार्फत तर नाहीच. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

"आबा, ती म्हणते, ती ईस्टरनंतर इथं राहायला आली. त्याआधी घरूनच येत होती."

"म्हणजे?"

"म्हणजे बोर्डिंगला नव्हतीच. तुम्ही येणार म्हणून घातली. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आबांनी चष्मा वर केला. "हे ती म्हणते का तू?"

"शेवटचं मी."

"पुढं?"

"तिला घरी राहायचंय, तुम्ही आहात तोवर. इथं राहायचं मी ठरवलं होतं, तिनं नाही. आणि दहावीनंतर तिला सुतारकाम शिकायचंय."

"ते इंटिरिअर..."

"ते मी म्हणत होतो, आबा. ती पहिल्यापासून सुतारकामच म्हणते."

आजूबाजूला कुणालाच काही कळत नव्हतं. म्हातारा आणि त्याचा मुलगा आपल्या भाषेत जरा लांबण लावतायत, एवढंच. इंटर्नाटच्या बाईंनी अदबीनं विचारलं, "आजोबांचा प्रश्न?"

आबांनी कॉफीत चमचा फिरवला. साखर त्यांनी घातलीच नव्हती. मला वाटलं उठून जातील. मी त्यांच्या मागून जायची तयारीही केली. पण त्यांनी माझ्याकडे पाठ केली, खुर्चीत कष्टानं मागे वळले आणि तिला विचारलं, "हत्यारं स्वतःची घ्यावी लागतात का ते देतात?"

तिला भाषांतराची गरजच नव्हती. तिनं लगेच उत्तर दिलं, आणि मी आधी आबांचा प्रश्न सभागृहाला जर्मनमध्ये सांगितला, मग तिचं उत्तर आबांना मराठीत. "करवती, पटाश्या कारखान्यात असतात. पण रंधा आपला हवा म्हणते. दुसऱ्याच्या हाताला सरावलेला चालत नाही."

"रंधा," आबा म्हणाले. एवढंच. आठवीतला तो वर्ग त्यांना आठवला का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा मान हलवून म्हणाले, "गूटे फ्रागे." चांगला प्रश्न. त्यांच्या लेखी त्यात नवल काहीच नव्हतं. पुढची मुलगी उभी राहिली.

त्या शुक्रवारी मुलगी बॅग, घरातल्या चपला आणि अर्धवट स्टूल घेऊन घरी आली ती राहायलाच. बाईंनी जागा मोकळी करून दिली, मला एकच म्हणाल्या, "आता तिनं सांगितलं ना, मग झालं."

आबा माझ्याशी बोलेनात. रागावले असते तर बरं झालं असतं. ताटावर बसून सुनेला म्हणायचे, "सूनबाई, तुमच्या नवऱ्याला म्हणावं मीठ इकडे कर."

"आबा, अहो, तो इथंच बसलाय," ती म्हणायची.

"असेल. त्याचं बोलणं मला परस्पर पोचत नाही. मध्ये कुणीतरी भरवशाचं माणूस हवं."

मुलगी खळखळून हसली. मीठ तिनंच सरकवलं. टोमणा मी गिळला, तो मीच ओढवून घेतलेला होता.

पण त्या दोघांची दुपारची बैठक बसू लागली. शाळा सुटली की ती बसनं घरी यायची, आबा स्टॉपवर उभे. ती बाल्कनीत स्टूलचे पाय घासायची, आबा खुर्ची घेऊन शेजारी. ती जर्मन, ते मराठी, दोघं बोलत सुटायचे. तिला त्यांचं कळायचं, त्यांना तिचं अर्धंमुर्धं. अगदीच अडलं की हाक यायची, "अरे ए!" मी जायचो, जसं असेल तसं सांगायचो आणि परत फिरायचो. एकदा तिनं सांगितलं की आबा, तुम्ही फार उपदेश करता. मी तेही जसंच्या तसं पोचवलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाले, "हे मात्र तिचंच आहे. ओळखू येतंय."

मग रविवार आला. गावाकडून आबांच्या बाकावरच्या जोडीदाराचा कॉल आला. गणिताचे निवृत्त सर, मी त्यांना काका म्हणतो. आबांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं आणि अचानक मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या दुपारनंतर, हाकेपलीकडे माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं.

"तू सांगितलंस ते मी गावभर केलं," आबा म्हणाले. "आता माझ्या तोंडून नाही उलटवणार. तुझ्या तोंडून गेलंय, तुझ्याच तोंडून परत येऊ दे."

मोबाइलच्या पडद्यावर काकांचा चेहरा, त्यांच्यामागे बाकावरची आणखी दोन-तीन टकलं. आबा मटार सोलत होते, कान माझ्याकडे लावून. मुलगी बाल्कनीच्या दारात स्टूल मांडीवर आडवं घेऊन बसलेली. पॉलिशपेपर थांबला होता.

मी सांगितलं. चौथीचे गुण, रेआलशूले, रोजची बस, बोर्डिंग. काही गाळलं नाही. काका ऐकत राहिले. मोठ्या मनाचा माणूस, त्यांना मला अवघडलेलं बघवेना.

"असू दे रे, असू दे," ते म्हणाले. "आणि सुतारकाम म्हणजे तिकडे डिझाइनिंगच असणार. काय? डिझाइनिंगच ना?"

सुटायला दार उघडं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"नाही काका," मी म्हणालो. "सुतारकाम."

आबांच्या हातातली शेंग फुटल्याचा आवाज आला. मागे दारात पॉलिशपेपर पुन्हा सुरू झाला.